ऑटोमॅटिकचं इंजिन मॅन्युअल गाडीत: नऊ महिन्यांचा अनुभव

दोन महिन्यांपूर्वी हे लिहायला बसलो असतो तर इंजिन विकणाऱ्याच्या नावाने खडे फोडले असते. आता मत साफ बदललंय. इंजिन चांगलंच होतं. दोष आठ बोल्टांचा होता.

माझी 2011 ची पेट्रोल सेडान, मॅन्युअल. गरम होऊन जुनं इंजिन गेलं, तेव्हा इथे इंदूरलाच त्याच मॉडेलच्या अपघातातल्या गाडीचं इंजिन 42,000 रुपयांत मिळालं. ती गाडी ऑटोमॅटिक, म्हणून मागे फ्लायव्हीलऐवजी (क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावर, बोल्टांनी बसणारी जड चकती) फ्लेक्सप्लेट, म्हणजे पातळ चकती. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या, तेलाने भरलेल्या टॉर्क कन्व्हर्टरचं वजनच पुरतं, त्यामुळे पातळ प्लेटवर भागतं. क्लचला मात्र घासायला जाड, सपाट तोंड लागतं. माझं जुनं फ्लायव्हील लेथवर साफ करून घेतलं, क्लच सेट नवा टाकला. स्टार्टर, वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) माझ्याच गाडीचं ठेवलं. त्यात काही त्रास झाला नाही.

सात महिने गाडी मस्त चालली. शहरात 13 चा अ‍ॅव्हरेज, एसी लावूनही दम टिकून.

मग लग्नासाठी धुळ्याला निघालो आणि सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात खालून ठकठक सुरू झाली. गाडी टो करून परत आणली. इंजिन बसवणाऱ्या गॅरेजवाल्याने कान लावला आणि म्हणाला, "इंजन बैठ गया भिया, बेरिंग बोल रही है." दुसरं इंजिन घ्या म्हणे! पै-पै जमवून भरलेले 42,000 डोळ्यांसमोर आले. रात्रभर झोप नाही.

सासऱ्यांच्या ओळखीचे इथल्या छावनी भागातले एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना नेऊन दाखवलं. काकांनी आधी क्लच दाबायला लावला. आवाज बदलला. मग एकेका सिलिंडरची कॉइल (स्पार्क प्लगला करंट देणारी) काढून पाहिली. रॉडची बेरिंग गेली असती तर त्या सिलिंडरची कॉइल काढल्यावर आवाज कमी झाला असता. इथे चारही वेळा तसाच. "इंजिन खोलू नका, गिअरबॉक्स उतरवा," म्हणाले.

उतरवला. फ्लायव्हील हाताने हलत होतं. बोल्ट पान्याशिवाय, बोटांनी निघाले! पहिल्या गॅरेजने फ्लेक्सप्लेटचेच बोल्ट पुन्हा लावले होते. ती प्लेट पातळ, म्हणून तिचे बोल्ट आखूड. फ्लायव्हीलच्या जाडीतच त्यांची लांबी संपली आणि क्रँकमध्ये शिरायला जेमतेम तीन-चार आटे उरले. बाजारातून योग्य बोल्ट आणून शेजारी धरला, तर जवळपास एक सेंटिमीटरचा फरक. तेवढ्या आट्यांवर माझी बायको-मुलं घाटातून जात होती, हे अजून मनातून जात नाही. नव्या बोल्टांचा खर्च 110 गुणिले आठ, 880 रुपये. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तिथल्या तिथे काढून दिले असते.

माझ्या जुन्या इंजिनाचे बरोबर लांबीचे बोल्ट कुठे गेले, याचं उत्तर मिळालं नाही. मजुरीही परत नाही.

हलून हलून फ्लायव्हीलमधलं, ते जागेवर धरणाऱ्या पिनचं भोक लांबट झालं होतं, म्हणून फ्लायव्हील भंगारात. जुन्या बाजारातलं दुसरं 3,500 ला घेतलं. कडेचे दात मोजून, स्टार्टरशी जुळतात का ते पाहून. क्रँकचे आटे वाचले, हे नशीब. हात लागलाच होता म्हणून क्रँकचं मागचं ऑइल सील बदललं. या इंजिनात बोल्टची भोकं आरपार आहेत, म्हणून तेल गळू नये यासाठी आट्यांना सीलंट लावून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने कसणारा पाना) कसले. एकदा कसलेले बोल्ट काका पुन्हा वापरत नाहीत. त्यांची मजुरी 6,000; एक रुपयाही जड वाटला नाही.

तुमचं इंजिनही ऑटोमॅटिक गाडीचं असेल तर गिअरबॉक्स चढण्याआधी स्वतः उभं राहून बोल्ट बघा, फ्लेक्सप्लेटचा आणि फ्लायव्हीलचा शेजारी ठेवून.

त्यानंतर 2,100 किलोमीटर झाले. सकाळी गार असताना रिव्हर्स टाकला की क्लच किंचित थरथरतो. काका म्हणतात, जुन्या बाजारातल्या फ्लायव्हीलचं तोंड अजून क्लचशी नीट बसायचंय. पुढच्या महिन्यात दाखवणार आहे.