सॉइल डीएनए किट आठ महिने वापरून: चिखलाला पास, फेल्टला काठावर

मातीतल्या बॅक्टेरियाचा डीएनए काढायचं हे किट जूनमध्ये घेतलं, ५० चा बॉक्स आता संपत आलाय, म्हणून लिहितोय. नाव घेत नाही, तक्रार आहे म्हणून.

माझं काम म्हणजे रायबंदरहून फेरीने चोडणला जायचं, खाजनातला (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन) काळा चिखल आणायचा (तोच, पाय रुतला की चप्पल तिथेच), डब्यात भरून त्यात कार्बन फेल्टचा (कार्बनच्या तंतूंचं जाड कापड) ॲनोड पुरायचा, वर पाण्यात कॅथोड, मध्ये रेझिस्टर. बॅक्टेरिया चिखलातलं सेंद्रिय खातात आणि इलेक्ट्रॉन ॲनोडला देतात, म्हणजे थोडी वीज मिळते. हे करणारे कोण, जिओबॅक्टरवाले (असे इलेक्ट्रॉन देणारे नावाजलेले बॅक्टेरिया) की भलतेच, ते बघायला डीएनए काढून १६एस सिक्वेन्सिंगला (बॅक्टेरिया ओळखायचं जनुक वाचायला) पाठवायचा.

नुसत्या चिखलाला किट झकास. पण पहिल्यांदा कॉलममधून जे उतरलं ते कोऱ्या चहासारखं, शुद्धतेच्या आकड्यांत २६०/२८० ठीक, १.८, पण २६०/२३० फक्त ०.६, म्हणजे कचरा, आणि पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवायची पायरी) बँडच नाही. ह्युमिक ॲसिड (कुजक्या मातीतलं तपकिरी द्रव्य, पीसीआर अडवतं), दुसरं काय! वॉश एकदा जास्त दिला, टेम्पलेट दहापट पातळ केलं, थोडं बीएसए (ही अडवणूक कमी करणारं प्रथिन) घातलं, आला बँड. आणि नॅनोड्रॉपच्या (प्रकाश किती शोषला त्यावरून डीएनए मोजणारं यंत्र) आकड्यावर जाऊ नका, ह्युमिक तिथे डीएनए म्हणूनच मोजलं जातं, क्युबिट (डीएनएला चिकटणाऱ्या रंगावरून मोजणारं) वापरा.

खरी कटकट फेल्टची. किट म्हणतं पाव ग्रॅम माती, मी पाव ग्रॅम फेल्ट कोंबलं, तर त्याने बफर सगळा पिऊन टाकला आणि पेशी फोडायचे मणी हलायलाच जागा नाही. मग फेल्ट पीबीएसमध्ये (मिठाचं बफर) व्होर्टेक्सवर जोरात हलवून गाळ घेतला, डीएनए भरपूर, पण नंतर लक्षात आलं की सुटून आलेत ते वरवरचे, तंतूला घट्ट चिकटलेले तिथेच राहिलेत, आणि आपल्याला तर तेच हवेत ना! आता ५० मिलिग्रॅमचे बारीक तुकडे दोन ट्यूबमध्ये घालतो आणि दोन्हींचं लायसेट (फुटलेल्या पेशींचं पाणी) एकाच कॉलमवरून सोडतो.

बीड बीटिंग (मण्यांसकट ट्यूब जोरात हलवून पेशी फोडणं) सगळ्या सॅम्पलना सारखंच, मी १० मिनिटं देतो. कमी दिलं तर जाड भिंतीचे ग्राम पॉझिटिव्ह बॅक्टेरिया फुटत नाहीत, जास्त दिलं तर डीएनएचे तुकडे, आणि दर खेपेला वेळ बदलली तर दिसणारा फरक बॅक्टेरियाचा की तुमच्या हाताचा ते देवालाच ठाऊक. रिकामा ब्लँक (सॅम्पल न घालता) पण चालवा, किटच्या रसायनांतही थोडा बॅक्टेरियाचा डीएनए असतोच. एसडीएसवाली (साबणासारखं रसायन) बाटली एसीत गोठून तळाला पांढरं बसतं, ६० डिग्रीला गरम करा, फेकू नका (मी एक फेकली).

तक्रार झाकणांची. बीटिंगमध्ये तीन ट्यूबची झाकणं तडकली, चार महिने जपलेल्या ॲनोडचं सॅम्पल टेबलावर सांडलं, विक्रेत्याला मेल केला तर उत्तर थेट चतुर्थीनंतर, ते पण "फोटो पाठवा". तेव्हापासून पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणपट्टी) गुंडाळतो.

सहा कॉलम उरलेत, एक ब्लँकला ठेवलाय. चिखलासाठी परत हेच घेईन, फेल्टसाठी मात्र आता किटशिवाय डीएनए काढायचं जुनं फिनॉल-क्लोरोफॉर्म एकदा करून बघणार, वास सोसवला तर.