जुना ई-वन टेस्टर: एक पावसाळा वापरून झाल्यावर

पीआरआय लाईन (ऑफिसच्या एक्स्चेंजला एका वेळी ३० कॉल देणारी डिजिटल लाईन, जी ई-वन जोडणीवर चालते) आता कोण वापरतं, असं विचारणाऱ्यांनी एकदा ठाणे-बेलापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांतून फिरून यावं. रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात सिप, म्हणजे इंटरनेटसारख्या डेटा लाईनवरून फोन, आलंय खरं, पण चालत्या ईपीएबीएक्सला (ऑफिसातल्या टेलिफोन एक्स्चेंजला) हात लावायची कोणाची छाती होत नाही. बोर्डलाईनचा नंबर वर्षानुवर्षं लेटरहेडवर छापलेला असतो. मग ३० चॅनलची ती लाईन चालूच राहते आणि रुसली की आम्हाला फोन येतो.

या कामासाठी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून हातात धरायचा एक वापरलेला टेस्टर घेतला. मॉडेल सांगून उपयोग नाही, ते बनायचं केव्हाच बंद झालंय. पुढचं मात्र या जातीच्या बहुतेक मीटरना लागू पडेल.

माझ्या लेखी या मीटरचं काम एकच, भांडण मिटवणं. ग्राहक म्हणतो लाईन खराब आहे. लाईनवाले म्हणतात, "साहेब, आमच्या बाजूनं क्लीन आहे, तुमचं मशीन बघा." मशीनवाला दोघांकडे बोट दाखवून मोकळा. अशा वेळी चर्चा संपवेल असा आकडा हातात लागतो, त्याचेच पैसे.

सगळे पहिल्यांदा करतात ती टेस्ट म्हणजे पलीकडे लूप टाकून, म्हणजे पाठवलेलं तसंच परत येईल अशी जोडणी करून, बीईआर, म्हणजे चुकलेल्या बिटांचं प्रमाण. मीटर ३२,७६७ बिटांचा ठरलेला पॅटर्न फिरवत राहतो आणि परत आलेला बिट न् बिट ताडून बघतो. २.०४८ एमबीपीएसच्या लाईनवर १५ मिनिटांत सुमारे १८४ कोटी बिट जातात. ऐकायला भारी वाटतं, पण १५ मिनिटांच्या शून्यावर मी आता सही करत नाही. मीटर रात्रभर लावून ठेवतो आणि सकाळी एकूण चुकांच्या आधी त्या किती वाजता झाल्या ते बघतो. शंभर चुका रात्रभर विखुरलेल्या असल्या तर दुखणं वेगळं, एकाच सेकंदात आल्या असल्या तर वेगळं. जी.८२१ या आंतरराष्ट्रीय मानकात हिशेब चुकलेल्या सेकंदांचा असतो तो म्हणूनच. सलग १० सेकंद लाईन फारच वाईट गेली, की ते १० धरून पुढचा सगळा वेळ 'अनुपलब्ध' म्हणून मोजला जातो. ज्या मीटरमध्ये वेळेसकट नोंद राहत नाही, तो फुकट मिळाला तरी घेऊ नका.

तुर्भ्याच्या एका गोदामात ही नोंदच कामी आली. रात्री सगळं स्वच्छ, सकाळी माल चढायला लागला की चुका सुरू. त्याही कोड एरर, म्हणजे तारेवर बिट पाठवायचा जो एचडीबी३ कोड, त्याच्या पल्सचा क्रमच बिघडलेला. कोडची मोडतोड मधल्या प्रत्येक उपकरणात धुऊन निघते, ती पुढे जात नाही. त्यामुळे इथे दिसतेय म्हटल्यावर दुखणं शेवटच्या तांब्यातच, मक्सपासून (लाईनवाल्यांच्या ग्राहकाकडच्या डब्यापासून) ईपीएबीएक्सपर्यंतच्या केबलमध्ये. ती केबल मालाच्या लिफ्टच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेलेली होती आणि क्रोनवर, म्हणजे तारा दाबून बसवायच्या पट्टीवर, पंच करताना जोडीचा पीळ चांगला वीतभर उलगडलेला. पीळ कायम ठेवून पुन्हा पंच केलं, केबल वेगळ्या वाटेनं फिरवली. लाईनवाल्यांना फोनसुद्धा करावा लागला नाही.

उलट कोड एरर शून्य आणि सीआरसी एरर (बिटांबरोबर पाठवलेला तपासणीचा आकडा न जुळणं) वाढत असतील, तर बिघाड मक्सच्या पलीकडे. सीआरसी-४ चालू असेल तर २,०४८ बिटांच्या प्रत्येक गठ्ठ्याची तपासणी होते, सेकंदाला १,००० वेळा, तीही लाईन न थांबवता. शिवाय ई-बिट असतात. आपण पाठवलेलं पलीकडे खराब पोहोचलं, की ते तिकडून कळवतात. स्क्रीनचा हा फोटो पाठवला की 'आमच्या बाजूनं क्लीन'वाले साहेब एकदम मऊ होतात.

लूपमध्ये अजिबात न दिसणारी गोष्ट म्हणजे क्लॉक, बिट कोणत्या तालावर जायचे ते ठरवणारा. लूप टाकला की मीटरचाच क्लॉक फिरून मीटरकडे येतो, मग फरक दिसणार कुठून? ऐरोलीच्या एका ऑफिसात बोलणं ठीक, फॅक्स मात्र अर्ध्या पानात तुटायचा. लूप टेस्ट स्वच्छ. लूप काढून चालू लाईनच्या दोन्ही दिशांची फ्रिक्वेन्सी बघितली तर १० हर्ट्झचा फरक, म्हणजे साधारण ५ पीपीएम, दहा लाखांत ५. १ पीपीएम फरकाला १२५ सेकंदांनी एक फ्रेम (सगळ्या चॅनलचा एकेक तुकडा मिळून झालेला गठ्ठा) सटकते, इथे दर २५ सेकंदांनी सटकत होती. बोलताना फार तर बारीकसं 'टिक' ऐकू येतं, फॅक्सचा मात्र जीव जातो. ईपीएबीएक्स लाईनवरून क्लॉक घ्यायचा सोडून स्वतःचाच चालवत होता. सेटिंग बदललं, प्रश्न संपला.

आता तक्रारी. बॅटरी रात्र काढत नाही, चार्जर लावूनच ठेवावा लागतो, आणि पावसाळ्यात लाईट गेली की नोंदही गेली. छोटा यूपीएस बरोबर नेतो. स्पीकरवर एखादा टाइमस्लॉट, म्हणजे लाईनमधला एक चॅनल, ऐकायची सोय आहे, पण दुसऱ्याचा कॉल कानावर पडतो, म्हणून ग्राहकाला विचारल्याशिवाय ती लावत नाही. सगळ्यात वैताग म्हणजे बंद करून चालू केला की मीटर पुन्हा ७५ ओहमच्या सेटिंगवर येतो. आपल्याकडे क्रोनवरच्या जोडीला १२० लागतात.

त्याच मेनूत टर्मिनेट, ब्रिज आणि मॉनिटर असे तीन पर्याय आहेत, तिथे डोकं शाबूत ठेवा. चालू जोडीवर ब्रिजच, म्हणजे सिग्नल न खाता नुसतं ऐकायचं. टर्मिनेट लावलात तर मीटर स्वतःच सिग्नल खातो आणि चांगल्या लाईनवर चुका दाखवतो. मॉनिटर हा पर्याय २० डीबी खाली असलेल्या खास मॉनिटर सॉकेटसाठी.

महिन्यातून एखादीच लाईन बघत असाल तर भाड्यानं आणा. पट्ट्यात रोजची फिरती असेल तर वापरलेला घ्या, पण दुकानातच त्याचा टीएक्स (पाठवायचं टोक) त्याच्याच आरएक्सला (घ्यायच्या टोकाला) जोडून चहा पिऊन या. तेवढ्या वेळात एकही चूक दिसली तर दुसरा पीस मागा.