दोन सप्लायचा स्विच, एटीएस की सरळ दोन स्विच?

चाळीस-पन्नास जणांचं ऑफिस, कोपऱ्यात एक रॅक आणि मालकांची एकच अट: नेट बंद पडता कामा नये. मग कोटेशनमध्ये फिरून फिरून तीनच पर्याय येतात. दोन पॉवर सप्लाय बसणारा नेटवर्क स्विच (ऑफिसातल्या सगळ्या नेटच्या केबल जोडायचा डबा), एका सप्लायचा स्विच आणि सोबत एटीएस (विजेची एक लाइन गेली की आपोआप दुसरीवर नेणारा डबा), किंवा साधे दोन स्विच.

काहीही घेण्याआधी रॅकच्या मागे बॅटरी मारून बघा. एका ऑफिसात कोअर स्विचच्या, म्हणजे बाकीचे स्विच ज्याला जोडतात त्या मुख्य स्विचच्या, दोन्ही सप्लायचे दिवे छान हिरवे होते. दोन्ही काळ्या केबल मात्र जुडग्यातून खाली जाऊन एकाच स्पाइक गार्डमध्ये शेजारी-शेजारी खोचलेल्या. वर्षभर सगळे निर्धास्त. मग एक दिवस कुणाचा तरी पाय त्याच्या बटणावर पडला.

म्हणून दोन सप्लायच्या स्विचची किंमत धरताना दुसऱ्या लाइनचा खर्चही त्यातच धरा. दोन यूपीएस असतील तर उत्तम, पण दोन्ही चालू असताना भार साधारण अर्धा-अर्धा वाटला जातो आणि तिथेच फसगत होते. समजा 800 वॉटचे दोन यूपीएस आहेत आणि प्रत्येकावर 500 वॉट भार आहे. डिस्प्लेवर सगळं निवांत दिसतं. एक गेला की दुसऱ्यावर 1000 वॉट येतात आणि तोही ओव्हरलोडने बसतो. मी प्रत्येकावर 40 टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही.

दुसऱ्या यूपीएसला पैसे नसतील तर एक केबल यूपीएसवर, दुसरी थेट महावितरणच्या लाइनवर, हेही चालतं. मला तर लाइटपेक्षा यूपीएसच्या म्हाताऱ्या बॅटऱ्यांनीच जास्त वेळा दगा दिलाय. फक्त न्यूट्रल तुटला तर त्या लाइनवर 230 च्या जागी 300 च्या वर व्होल्ट येऊ शकतात, त्यामुळे जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारं प्रोटेक्टर मध्ये हवंच.

पीओई, म्हणजे नेटच्याच केबलमधून कॅमेरे-फोनना वीज देणं, असेल तर आणखी एक खोच आहे. 48 पोर्टना प्रत्येकी 15.4 वॉट म्हणजे 739 वॉट, स्विचचा स्वतःचा खप वेगळा. बऱ्याच स्विचमध्ये दोन्ही सप्लायची ताकद एकत्र वापरायची सेटिंग असते. ती लावून भार एका सप्लायच्या आवाक्याबाहेर नेला, तर एक सप्लाय जाताच कॅमेरे आणि फोन विझायला लागतात. कोटेशनमध्ये 'ड्युअल' लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं.

एटीएस म्हणजे दोन लाइन आत, एक बाहेर. रॅकमध्ये बसणारा चांगला एटीएस एका सायकलच्या आत, म्हणजे 20 मिलिसेकंदांच्या आत लाइन बदलतो आणि तेवढा वेळ स्विचचा सप्लाय सहसा तग धरतो. विजेच्या पॅनेलमधला कॉन्टॅक्टरवाला (मोठ्या रिलेने लाइन बदलणारा) चेंजओव्हर मात्र सावकाश असतो. स्वस्तात मिळाला म्हणून तो घेतलात तर दर वेळी स्विच रीबूट होणार. शिवाय स्विचचा सप्लायच जळाला तर एटीएस काय करणार?

साधे दोन स्विच मला आवडतात, कारण सप्लायच काय, अख्खा स्विच मेला तरी दुसरा उभा असतो. पण टेबलावरच्या पीसीला केबल एकच, म्हणजे अर्धं ऑफिस बसणारच. वायफाय देणारे ॲक्सेस पॉइंट मात्र एक या स्विचवर, पुढचा त्या स्विचवर असे आलटून-पालटून लावले तर वायफाय बऱ्यापैकी टिकतं आणि लॅपटॉपवाले काम चालू ठेवतात.

माझी निवड: कोअरला दोन सप्लाय आणि खरोखर वेगळ्या दोन लाइन, एकीच्या केबलला लाल टेप, दुसरीच्या निळा. टेबलांसाठी साधे दोन स्विच. एटीएस घ्यायचाच तर तो रॅकच्या तळाशी, इंटरनेटवाल्याने ठेवलेल्या त्या डबीसाठी. तिचा 12 व्होल्टचा अडॅप्टर एकच असतो आणि अख्ख्या ऑफिसचं नेट त्यातूनच येतं.