जादा कापलेले पैसे परत हवेत: कंपनी, बँक की १९१५ हेल्पलाइन?

सबस्क्रिप्शनचे पैसे दोनदा कापले गेले, बंद केलेला प्लॅन परस्पर पुढे चालू राहिला, किंवा महिन्याचा समजून घेतलेला प्लॅन वर्षाचा निघाला. तिन्हींत खिशाला चाट बसते, पण दाद मागायची जागा वेगवेगळी. म्हणून आधी स्टेटमेंट उघडा आणि पैसे कोणाच्या नावावर गेलेत ते पाहा.

तिथे गूगल प्ले किंवा ॲपल दिसलं तर ॲपवाल्यांच्या मागे लागण्याआधी स्टोअरकडे अर्ज करा. गूगलकडे घाई हवी. खरेदीला ४८ तास उलटले की ते बहुधा ॲपवाल्यांकडेच बोट दाखवतात. आणि मोबाइलमधून ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असं मुळीच नाही.

कंपनीने थेट पैसे घेतले असतील तर खरी निवड कंपनी की बँक ही. कंपनीने मान्य केलं तर तिचा मार्ग सर्वांत सोपा, पण फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका. ईमेल किंवा चॅटवरच लिहा, तक्रार क्रमांक घ्या. बँकेकडे कार्डाच्या व्यवहारासाठी चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. एकाच दिवशी तीच रक्कम दोनदा गेली असेल, तर ही बाजू भक्कम असते, कारण पुरावा स्टेटमेंटमध्येच असतो. प्लॅन समजण्यात घोटाळा झाला असेल तर मात्र संमती तुम्हीच दिली होती असं कंपनी दाखवते आणि चार्जबॅक फेटाळला जाऊ शकतो. शिवाय चार्जबॅक केल्यावर कंपनी तुमचं खातंही बंद करू शकते. ती सेवा पुढे वापरायची असेल तर हे आधीच ध्यानात घ्या.

बँकेबाबत एक मुद्दा फार कमी लोक वापरतात. कार्डावरच्या ऑटो-डेबिटसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम असा की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेने सूचना पाठवायची, आणि त्यात तो व्यवहार नाकारण्याची सोय द्यायची. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे काटेकोरपणे लागू आहे. अशी सूचना आलीच नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.

बंद करण्याचं बटणच सापडू न देणाऱ्या कंपनीसाठी मी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन निवडेन. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवते. तक्रारीत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हे शब्द जरूर लिहा, कारण डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणारी ॲप-वेबसाइटची रचना, याविषयीच्या सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला नाव घेऊन मनाई आहे.

आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत २ वर्षांची. पण तारखा पडतात. तीनशे रुपयांसाठी मी तिथे जाणार नाही. मुलांच्या ऑनलाइन क्लासचे वर्षाचे हजारो रुपये अडकले असतील तर नक्की जाईन.