वंशावळ शोधायला शिकवणारे स्वयंसेवक घडवायचेत, मग शिबिर घ्यावं की दर रविवारी बसावं?

कुलमंडळ असो, गावचं वाचनालय असो की ज्येष्ठ नागरिक संघ, सगळीकडे आता हीच अडचण ऐकू येते की वंशावळ काढायची इच्छा भरपूर लोकांना आहे पण बाजूला बसून दाखवणारं कोणी नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून तर कोतवाल बुक (गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही) आणि मोडी हे शब्द घरोघरी पोचलेत. मग मंडळ ठरवतं की आपणच दहा-पंधरा स्वयंसेवक तयार करू, ते पुढे बाकीच्यांना शिकवतील. विचार एकदम बरोबर आहे. पण तयार कसे करायचे याचे मुख्य दोन रस्ते आहेत, दोन दिवसांचं शिबिर किंवा दर रविवारी तास-दीड तासाची बैठक, आणि दोन्हींतून तयार होणारा स्वयंसेवक वेगळा असतो हे आधीच लक्षात घ्या.

शिबिराची जमेची बाजू मोठी आहे. हॉल एकदाच घ्यायचा, जेवणाचं एकदाच बघायचं, जाणकार माणसाला एकदाच बोलवायचं, आणि वेगवेगळ्या गावांत पसरलेले भाऊबंद एका छताखाली येतात त्यामुळे ओळखी होतात, जुने फोटो निघतात, कोणाकडे कुलवृत्तांताची फाटकी प्रत आहे ते कळतं. उत्साह पेटवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण होतं काय की वक्ते बोलतात, आपण ऐकतो, स्लाईडचे फोटो काढतो आणि घरी जातो. ज्याला पुढे शिकवायचंय त्याने त्या दोन दिवसांत एकदाही कोणाला काही शिकवलेलं नसतं!

रविवारच्या बैठकीत उलटं असतं. चार-सहा जण, टेबलावर एकाच घराचे खरे कागद, आणि जोड्या. एक जण शिकणारा, दुसरा शिकवणारा, थोड्या वेळाने अदलाबदल. यात एक नियम मी फार महत्त्वाचा मानते, पेन कायम शिकणाऱ्याच्या हातात. स्वयंसेवकाने फक्त विचारायचं. कारण माहीत असलेला माणूस पटकन दुसऱ्याची वंशावळ स्वतःच काढून देतो, समोरचा खूश होतो, पण पुढच्या कागदाला परत यांच्याच दारात उभा राहतो.

आता उदाहरणाला एक फेरफार घ्या, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. गाव नमुना 6, जुना हस्तलिखित, बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर मिळतात. त्यात लिहिलेलं असतं की अमुक खातेदार अमुक तारखेला मयत, वारस मुलगा अमुक, मुलगा तमुक, बायको अमुक. शिबिरात हा कागद पडद्यावर दाखवतात आणि दोन मिनिटांत पुढे सरकतात. बैठकीत त्याच एका नोंदीवर अख्खा तास जातो, जायलाच हवा. मयत तारीख मिळाली म्हणजे आता कोतवाल बुकात त्या वर्षाची मृत्यूची नोंद कुठे बघायची? नोंद मुंबईच्या भावाने केलीय की गावातल्या? आणि मुली कुठे आहेत? 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारात मुलींची नावं बहुधा नसतातच, म्हणून मुली नव्हत्या असं लिहून मोकळं व्हायचं नाही, आजीला विचारायचं की आत्या किती होत्या, कुठे दिल्या, माहेरचं नाव काय होतं. नाहीतर आपल्या वंशावळी नुसत्या पुरुषांच्या याद्या होऊन बसतात आणि मला ते मनापासून खटकतं.

मोडीचं काय, हा प्रश्न येतोच. माझं मत, मोडी दोन्हींपासून वेगळी ठेवा. बाराखडी दोन दिवसांत ओळखता येईलही, पण सलग ओळ वाचणं, जिथे शब्दांत जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, ते महिनोन्‌महिने सरावाने येतं. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग होतात, गटातल्या दोघांनी ते करावेत, बाकीच्यांनी मोडी कागद दिसला की त्या दोघांकडे द्यावा. मात्र जुन्या कागदांतला सन इसवी सनात बदलायला सगळ्यांनीच शिकावं. शुहूर सन अक्षरात लिहिलेला असतो, अर्बा सितैन मया व अलफ म्हणजे चार, साठ, शंभर, हजार, झाले 1164, त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढे 600 मिळवले की 1763-64 येतं. हे शिबिरातही छान शिकवता येतं, पोरं तर पैजा लावून करतात.

एक गोष्ट शिबिरात जवळजवळ कधीच नीट होत नाही, ती म्हणजे गुप्तता. वंशावळीत दत्तक निघतात, दुसरं लग्न निघतं, कोर्टात चालू असलेला जमिनीचा वाद निघतो. भर सभेत त्यावर कोण बोलणार? जोडीने बसल्यावर स्वयंसेवकाला आपोआप कळतं की कुठे थांबायचं, कुठली गोष्ट वहीत लिहायची पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही. जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि आधारचे फोटो ग्रुपवर फिरू नयेत हे पहिल्याच बैठकीत बजावून सांगा.

बैठकीचा दोषही सांगते. ती रेटणारं एक माणूस लागतं, आणि लग्नसराई, पेरणी, गणपती आले की गट पातळ होतो. शिबिराला साठ माणसं येतात, बैठकीला सहा, आणि कार्यकारिणीला साठचा फोटो आवडतो हे पण खरं.

दुबई-अमेरिकेतल्या भाऊबंदांसाठी झूम ठीक आहे, वंशावळ एकत्र भरायला आणि आजोबांना बोलतं करायला, पण कागद वाचायला शिकवायचं तर दोनच जण एका कॉलवर ठेवा.

तर कोणी काय निवडावं? मंडळ नवीन असेल, माणसं एकमेकांना ओळखतच नसतील तर एक दिवसाचं शिबिर घ्या, दोन नको, आणि संध्याकाळी उठायच्या आधी बैठकीसाठी सहा नावं लिहून घ्या. मंडळ जुनं असेल, कागद जमलेले असतील तर शिबिराचे पैसे वाचवा, एक बरा स्कॅनर घ्या आणि थेट रविवार सुरू करा. कोल्हापूर-सांगली-सोलापूर पट्ट्यातले असाल तर एखाद्या रविवारी तुमच्या घराण्याच्या हेळव्यांना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी सांगत आलेल्यांना, मानाने बोलवा, त्यांच्याकडच्या पिढ्या तुमच्या कागदांशी ताडून बघा, मानधन द्या आणि रेकॉर्ड करायच्या आधी त्यांना विचारा.