गोराईच्या पॅगोडातलं दहा मिनिटांचं आनापान: काय मिळतं, काय राहून जातं

रविवारी गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात येणारे बरेच जण सोनेरी कळस बघतात, फोटो काढतात, खाडीचा वारा खातात आणि परततात. तिथे मोफत मिळणारं आनापानाचं, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता जाणण्याचं, छोटं सत्र राहूनच जातं, आणि पॅगोडाला जायचं खरं कारण तेच आहे.

वास्तूबद्दल थोडक्यात. उद्घाटन 8 फेब्रुवारी 2009 ला झालं. आतल्या घुमटाचा व्यास 280 फूट, मध्ये एकही खांब नाही, दगड एकमेकांत अडकवून रचलेले, बसायला जागा सुमारे 8,000 साधकांना. या मुख्य घुमटात फक्त विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यांनाच (त्यांना ‘जुने साधक’ म्हणतात) प्रवेश असतो, बाकीच्यांनी काचेआडून बघायचं. यावरून लोक हिरमुसतात, पण नियम योग्य आहे. ते ध्यानाचं सभागृह आहे आणि इतक्या मोठ्या घुमटात साधी खोकल्याची उबळसुद्धा घुमते. जुन्या साधकांसाठी तिथे सकाळी 11 ते दुपारी 4 असं एक दिवसाचं शिबिरही असतं.

बोरिवलीहून येत असाल तर गोराई जेट्टीवर विचारूनच बोटीत चढा. एक बोट गोराई गावाकडे जाते, दुसरी पॅगोडाकडे. गावाच्या बोटीत बसलात की पलीकडे पुन्हा रिक्षा शोधत बसावं लागतं.

आता सत्र. पाठ आणि मान ताठ ठेवून बसायचं, डोळे अलगद मिटायचे. लक्ष नाकपुड्यांच्या दाराशी, वरच्या ओठाच्या वर जो छोटा त्रिकोण आहे तिथे. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच जाणायचं. डाव्या नाकपुडीतून येतोय की उजव्या, लांब आहे की आखूड, तो जसा असेल तसा. मन भटकलं की न चिडता परत आणायचं. सूचना रेकॉर्ड केलेल्या असतात, सोप्या आणि नेमक्या.

चुकतं कुठे? प्राणायामाची सवय असलेले लोक श्वास ओढू लागतात. आनापानात श्वास नैसर्गिक लागतो, कारण राग आला, भीती वाटली की तो लगेच बदलतो, आणि तो बदलच पकडायचा असतो. स्वतःच लय ठरवून दिली तर ही खूण पुसली जाते. दुसरी चूक म्हणजे सोबत मनात नाम किंवा ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणत राहणं. त्याने मन लवकर शांत होतं हे खरं, पण ते शब्दाला टेकतं आणि श्वास निसटतो. वंदना वंदनेच्या वेळी म्हणावी. श्वास इतका बारीक झाला की सापडतच नाही, असं झालं तर दोन-चार श्वास मुद्दाम जोरात घ्यावेत आणि मग पुन्हा सोडून द्यावं. डुलकी येत असेल तरी हाच उपाय.

ही विद्या नोकरदारांची नाही असं अजूनही ऐकू येतं. ही विपश्यना भारतात शिकवणारे सत्यनारायण गोयंका ज्यांच्याकडून शिकले ते सयाजी ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते, रंगूनच्या आपल्या कार्यालयातल्या माणसांनाही ते ध्यान शिकवत. गोयंकांचं भारतातलं पहिलं शिबिर झालं ते 1969 च्या जुलैत, आपल्या मुंबईतच.

उणीव एकच, पण मोठी. दहा दिवसांच्या शिबिराची सुरुवात शील, म्हणजे सदाचाराचे नियम, घेऊन होते, दहा मिनिटांत त्याला जागा नसते. माणूस बाहेर पडतो तो ‘छान शांत वाटलं’ म्हणत, आणि ही शांतता बोट बोरिवलीला लागेपर्यंतसुद्धा टिकत नाही. कारण साधं आहे. दिवसभर बोललेलं खोटं, दुखावलेली माणसं ध्यानाला बसलं की पहिली वर येतात. पंचशील रोज म्हणणाऱ्या घरांना ते पाठ असतं, पण ‘मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि’, म्हणजे खोटं न बोलण्याचं शील, हे फोनवर किती वेळा मोडतं ते मोजून बघा. गाडी अजून बोरिवलीत उभी असते आणि आपण सांगतो, ‘अंधेरी सोडलं, पोचतोच.’ तिथे ‘अजून बोरिवलीत आहे, पाऊण तास लागेल’ म्हणायचं. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. मोडला तर त्याच संध्याकाळी पुन्हा घ्यायचा. एका आठवड्याला एकच शील धरलं तर झेपतं.

लोकल ट्रेनमध्ये डोळे मिटून बसायची गरज नाही. तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून ‘जरा सरका’ची बाचाबाची सुरू झाली की आधी कानशिलं तापतात, घसा आवळतो, श्वास छातीत वर अडकतो. शब्द त्यानंतर येतात. मधल्या त्या एका क्षणात श्वास दिसला तर पुढचं वाक्य बदलतं. रात्री 11 ला आलेल्या साहेबांच्या मेसेजलाही हेच, पाच श्वास बघून मग उत्तर टाइप करावं. पण हे ऐन वेळी जमायला घरी रोज सकाळी दहा मिनिटं बसणं लागतं. राज्यातल्या शाळांच्या ‘मित्र’ या आनापानाच्या उपक्रमात मुलांनाही दहा मिनिटंच दिली आहेत, म्हणजे वेळ नाही ही सबब मोठ्यांना शोभत नाही.

आणखी एक गोष्ट पॅगोडात मिळणार नाही. बाबासाहेबांनी धम्माचा भर माणसाने माणसाशी कसं वागावं यावर ठेवला. डोळे मिटून ते शिकता येत नाही. त्यासाठी आपल्या वस्तीतल्या विहाराची रविवारची वंदना, तिथली अभ्यासिका, तिथली चार माणसं लागतात. दोन्ही करा, एकाच्या बदल्यात दुसरं नको.

सत्र आवडलं तर पॅगोडाच्या आवारातल्या धम्मपत्तन केंद्रात दहा दिवसांसाठी अर्ज करता येतो. राहणं-जेवण धरून शुल्क नाही, दान घेतात तेही फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडून. अर्जात औषधं आणि मानसिक आजारांची माहिती लपवू नका, पहाटे 4 ला उठून दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं असतं. शेवटच्या क्षणी रजा नाकारली गेली तर लगेच कळवून जागा रद्द करा, प्रतीक्षा यादीत कोणीतरी थांबलेलं असतं.