बॅकअपसाठी एकीऐवजी दोन हार्ड डिस्क: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीत माझे डीटीपीचे छोटे काम आहे. लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल आणि अधूनमधून एखादे पुस्तक, असा त्याचा पसारा. गेल्या वर्षी माझी जुनी एक्स्टर्नल हार्ड डिस्क चालू असतानाच केबलसकट टेबलावरून खाली पडली. त्यानंतर ती संगणकाला लावली की आतून ठरावीक अंतराने टकटक असा आवाज येई, पण पडद्यावर तिचे नाव काही उमटत नसे. डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाने सांगितलेला आकडा नव्या तीन-चार डिस्कच्या किमतीएवढा होता. चालू कामे संगणकात होती, त्यामुळे ती वाचली. परंतु जागा मोकळी करण्यासाठी जी जुनी कामे मी संगणकावरून काढून त्या डिस्कवर हलवली होती, त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ज्याला मी इतकी वर्षे बॅकअप म्हणत होते, ते केवळ फाइलींचे स्थलांतर होते, हे तेव्हा लक्षात आले.

नवी खरेदी करताना ४ टीबीची एक डिस्क घ्यावी की २ टीबीच्या दोन, हाच मुख्य प्रश्न होता. माझा सगळा डेटा ६१२ जीबी भरला, म्हणजे २ टीबी पुष्कळ होते. (संगणक ती जागा १.८१ टीबी दाखवतो. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत.) एसएसडी, म्हणजे आत फिरती तबकडी नसलेली डिस्क, पडझडीला अधिक टिकते, हे मान्य, पण तेवढ्याच जागेसाठी तिला कितीतरी जास्त पैसे पडत होते आणि बॅकअपला त्या वेगाची मला गरज नव्हती. साडेतीन इंची मोठी डिस्क वेगळ्या अडॅप्टरवर चालते, म्हणून तीही बाद केली. हार्ड डिस्क बनवणाऱ्या सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच कंपन्या आता उरल्या असल्याने नावांच्या तुलनेत मी फार वेळ घालवला नाही. दोन डिस्क मात्र मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या, कारण एकाच खेपेतल्या दोन डिस्कपैकी एकीत दोष असेल तर तो दुसरीतही असण्याची भीती असते. एक काळी आहे, एक निळी. पुढे त्यांना तसेच म्हणते.

पहिल्या दिवशी मी काळी डिस्क सवयीने संगणकाच्या पुढच्या पोर्टला लावली आणि वेग सेकंदाला ३५ एमबीच्या वर जाईना. तो पोर्ट यूएसबी २.० चा होता. मागच्या निळ्या पोर्टला लावताच मोठ्या स्कॅनच्या फाइली ११० एमबीच्या वेगाने जाऊ लागल्या. लग्नपत्रिकांच्या हजारो छोट्या फाइलींपाशी मात्र तो वेग पुन्हा १५-२० वर आला, आणि सकाळी ११ ला सुरू केलेले काम संध्याकाळी सहाच्या सुमारास संपले. अडीच इंची स्वस्त डिस्कमध्ये बहुधा ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. त्यामुळे जुन्या जागी नवे लिहायचे झाले की शेजारचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात आणि डिस्क रेंगाळते. रोज त्यावरून थेट काम करणाऱ्याला हे जाचेल. मला एकदाही जाचले नाही, कारण पहिल्या प्रतीनंतर रोज जाणारा डेटा थोडाच असतो.

रोजच्या बॅकअपसाठी मी विंडोजमधलीच फाइल हिस्टरी वापरते. ती ठरवून दिलेल्या फोल्डरांतील बदललेल्या फाइली दर तासाला डिस्कवर घेते आणि आधीच्या आवृत्त्याही ठेवते. तिची खरी परीक्षा चौथ्या महिन्यात झाली. एका पतसंस्थेच्या अहवालावर मी चुकून मागच्या वर्षीची फाइल सेव्ह केली आणि ताळेबंदाची सोळा पाने गेली. डिस्कवर पाहिले तर त्या फाइलीच्या नावापुढे तारीख आणि वेळ लावलेल्या अनेक प्रती होत्या, पण माझी साडेचारची प्रत काही सापडेना. थोड्या घालमेलीनंतर कळले की ती वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. माझे साडेचार तिथे ११_०० म्हणून बसले होते. फाइल मिळाली आणि अहवाल त्याच दिवशी छपाईला गेला.

एक गोष्ट मात्र फाइल हिस्टरी आपण होऊन करत नाही, ती म्हणजे फॉन्ट घेणे. माझी युनिकोडपूर्व काळातली कामे पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रॅममध्ये आणि श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. नेमका तो फॉन्ट नसेल, तर अशी फाइल उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. त्यामुळे फॉन्टचे आणि जुन्या सॉफ्टवेअरचे फोल्डर मी हाताने कॉपी केले.

तक्रारीची जागा केबलची आहे. सहाव्या महिन्यापासून काळ्या डिस्कच्या बाजूचे चपटे टोक सैल झाले असून, डिस्क जरा हलली तरी दिवा विझतो. नवी केबल आणल्यावर फरक पडला, पण पूर्ण नाही. पूर्वी अशा वेळी आतली डिस्क काढून दुसऱ्या खोक्यात बसवता येई. आता अनेक डिस्कमध्ये यूएसबीची जोडणी थेट डिस्कच्या सर्किटवरच असते आणि ती सोय राहत नाही. वॉरंटीत डिस्क बदलून मिळेल, आतला डेटा नव्हे. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने मी महिन्यातून एकदा दोन्ही डिस्क तपासते. रीअ‍ॅलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब झाल्याने डिस्कने बदललेल्या जागांचा, आकडा दोन्हींत अजून शून्य आहे. निळी डिस्क एक्सफॅट या फाइली साठवण्याच्या पद्धतीत आली होती; लिहिताना मध्येच वीज गेली तर एनटीएफएस ही पद्धत तिच्यापेक्षा सुरक्षित. आमच्याकडे वीज कधीही जाते, म्हणून तिला रिकामी असतानाच एनटीएफएस करून घेतले.

एका वेळी एकच डिस्क माझ्या घरी असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरले, तेव्हा संगणक माळ्यावर चढवता आला, पण कपाटातल्या सीडी राहून गेल्या. त्यामुळे दुसरी मिरजेला बहिणीकडे, तिसऱ्या मजल्यावर असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी घरातली तिकडे नेते आणि तिकडची घरी आणते. अदलाबदलीची तारीख डिस्कवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर पेनाने लिहिते. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या की रविवारची वाट पाहत नाही. बहिणीने निळीसाठी जुना चष्म्याचा डबा काढून ठेवला आहे, त्यात ती नेमकी बसते. काळी जराशी जाड असल्याने झाकण लागत नाही, त्याला रबर लावावे लागते.